बाटलीत औषध कोरडं का?

नांदेडचं वजिराबाद असो की लातूरची गंजगोलाई, मेडिकलचं दुकान तर तुला माहीतच आहे. डॉक्टरांनी लहान बाळाला अँटिबायोटिक लिहून दिलं, की दुकानातले काका बऱ्याचदा एक बाटली देतात. ती जरा हलवून बघ. अरेच्चा! आत पातळ औषध नाहीच. नुसती पावडर!

बाटलीवर एक खूण असते. आई पाणी उकळून गार करते, खुणेपर्यंत ओतते आणि बाटली जोरजोरात हलवते. झालं गोड औषध तयार!

मग सांग बघू, कारखान्यातच पाणी का नाही घालत?

कारण या औषधाचं आणि पाण्याचं फार दिवस पटत नाही! अमॉक्सिसिलिनचंच घे. त्याच्या प्रत्येक रेणूत चार अणूंचं चिमुकलं रिंगण असतं. तीन अणू कार्बनचे, एक नायट्रोजनचा. मैदानावर चौघं जण हात ताणून फेर धरतात ना, अगदी तस्संच! पण हात इतके ताणलेले, की कधी सुटतील नेम नाही. पाण्याचा रेणू येतो आणि पकड सोडवतो. फेर मोडला, की औषधाची ताकद गेली! कारण जिवाणूला स्वतःभोवतीची भिंत बांधू न देण्याचं काम हे रिंगणच करतं. एवढंसं रिंगण, आणि केवढं काम!

म्हणून पावडरीत पाणी घातलं, की लेबलवर लिहिलेल्या दिवसांतच ते औषध वापरायचं. आणि उन्हापासून जपायचं. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, आणि उष्णतेनं रिंगण आणखी भराभर तुटतं!

पूर्वीच्या पेनिसिलिनची तर गंमतच. ते गिळलं, की पोटातलं आम्लच त्यातलं बरंचसं मोडून टाकायचं! म्हणून ते सहसा टोचूनच द्यायचे. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी सुरू झाली, ती पेनिसिलिन बनवण्यासाठीच. त्याच सुमारास ऑस्ट्रियात आम्लाला दाद न देणारं पेनिसिलिन-व्ही सापडलं. आता गोळी चालणार! सुई नको! मला तर ही बातमी आजही आनंदाची वाटते.

आणि कडू औषधाचं काय? क्लोरॅम्फेनिकॉल भयंकर कडू. शास्त्रज्ञांनी त्याला पामिटिक आम्ल जोडलं. आता ते पाण्यात जवळजवळ विरघळेचना. जे लाळेत विरघळत नाही, त्याची चव जिभेला कळणार कशी? आतड्यात पोचलं, की पाचकरस तो जोड तोडतात आणि औषध मोकळं!

बाळांसाठी पाण्यात लगेच विखुरणारी गोळीही असते. चमचाभर पाण्यात टाक, हलव, पाज. बाटलीभर पाणी उकळायला नको.

पण ती खरंच विखुरते का, हे कोण बघतं? नांदेड-लातूरच्या फार्मसी कॉलेजात यासाठी एक यंत्र असतं. सहा काचेच्या नळ्या, तळाला जाळी. प्रत्येक नळीत एक गोळी. नळ्या पाण्यात खाली-वर, खाली-वर! साध्या गोळीसाठी पाणी ३७ अंशांचं, म्हणजे आपल्या अंगाइतकं कोमट. तिला वेळ पंधरा मिनिटं. पाण्यात विखुरणाऱ्या गोळीला फक्त तीन!

सहापैकी एखाद-दुसरी गोळी तशीच राहिली तर? मग आणखी बारा गोळ्या यंत्रात जातात. एकूण अठरांपैकी निदान सोळा विखुरल्या, तरच ती गोळी पास!