गर्भारपणातील मधुमेह : एक गर्भ आणि जुळे

‘आता दोन जिवांसाठी खायचे’ हा आग्रह आपल्या घराघरांत प्रेमाने होतो. जुळे असल्याचे कळले की तो तिघांवर जातो! या आग्रहात तथ्य किती, हे रक्तशर्करेच्या अंगाने पाहू.

वारेतून स्रवणारी संप्रेरके मातेच्या इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात. गर्भाच्या पोषणासाठी निसर्गानेच केलेली ही योजना. बहुतेक मातांचे स्वादुपिंड जादा इन्सुलिन निर्माण करून तोल सांभाळते. ज्यांना ते साधत नाही, त्यांची साखर वाढते. ही साखर वारेतून बाळाकडे जाते, मातेचे इन्सुलिन मात्र जात नाही. परिणामी बाळाचेच स्वादुपिंड अधिक इन्सुलिन स्रवते, बाळ प्रमाणाबाहेर वाढते आणि नाळ कापल्यावर त्याची साखर एकाएकी उतरू शकते.

जुळ्यांत वारेचे एकूण आकारमान मोठे, म्हणून इन्सुलिनला होणारा विरोधही अधिक. मात्र तेथे चिंता बाळे फार मोठी होण्याची नसते. ती लहान राहण्याची व अपुऱ्या दिवसांची जन्मण्याची असते. निदानाच्या मर्यादा ज्या ‘हापो’ अभ्यासावर (२००८) प्रामुख्याने बेतल्या, त्यात जुळ्यांच्या माता नव्हत्या. तेव्हा एका गर्भाचे मापदंड जुळ्यांना डोळे मिटून लावू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. साखर आटोक्यात ठेवण्याच्या नादात मातेला अर्धपोटी ठेवणे हा उपचार नव्हे. मूळ वजन योग्य असलेल्या स्त्रीचे वजन एका गर्भात साधारण ११.५ ते १६ किलो वाढावे, जुळ्यांत सुमारे १७ ते २५ किलो, असे अमेरिकेतील २००९ च्या शिफारशी सांगतात. साखरेइतकेच लक्ष सोनोग्राफीतील दोन्ही बाळांच्या वाढीकडे हवे.

आणखी एक बाब. अकाली प्रसूतीच्या शक्यतेमुळे बाळांच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शने द्यावी लागतात. त्यानंतर काही दिवस साखर चढते. इन्सुलिन घेणाऱ्या मातेवर तेव्हा विशेष नजर ठेवावी.

चाचणी सोपी आहे. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांनी पुरस्कारिलेल्या पद्धतीत उपाशीपोटाची अट नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यावे. दोन तासांनी साखर १४० मिलिग्रॅम वा अधिक भरल्यास निदान होते. पहिल्या भेटीत आणि २४ ते २८ आठवड्यांत, अशी ती दोनदा करावी.

आहारात उपासमार नको, विभागणी हवी. इंदूरकरांना पोहे सोडवणार नाहीत; ते वाटीभर, शेंगदाणे व मोड आलेली मटकी घालून खावेत. सोबतची जिलबी मात्र वर्ज्य! जेवणानंतर थोडे चालावे. एवढ्याने न भागल्यास इन्सुलिन घेण्यास कचरू नये.

प्रसूतीनंतर साखर बहुधा पूर्ववत होते आणि चाचणी राहून जाते. लेक बाळंतपणाला माहेरी गेलेली, कागदपत्रे सासरच्या गावी, आणि डिंकाचे लाडू सुरू झालेले! सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅमची चाचणी पुन्हा करावी व पुढे दरवर्षी रक्त तपासावे, कारण या मातांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा संभव इतरांहून कित्येक पट अधिक असतो. माहेरी निघतानाच चाचण्यांचे कागद व या तपासणीची तारीख तिच्या हाती द्यावी. लसीकरणासाठी बाळ दीड महिन्याचे असताना दवाखान्यात येतेच, त्याच दिवशी आईचेही रक्त घेता येते.