लेक शिबिराला निघाली: पिशवी भरण्याआधी आणि भरताना



सध्या बैठकीत बचत जमा झाली, हप्ते झाले की एक विषय हमखास निघतो. "मे महिन्यात चर्चचं शिबिर आहे सात दिवसांचं. पोरीला पाठवावं का? आणि बरोबर काय काय द्यावं लागतं?" एका गटात यासाठी अंतर्गत कर्जाची मागणीसुद्धा आली. शिबिराची फी थोडीच होती, बाकीचे पैसे नवे कपडे, नवी बॅग आणि नवे बूट घ्यायला हवे होते. दुसऱ्या एका गावात तर "तिच्याकडे धड अंथरूण नाही, चारचौघींत लाज नको" एवढ्यावरच मुलीचं जाणं रद्द झालं. म्हणून हा विषय या अंकात घेतला.

एक गोष्ट आधीच सांगते. शिबिराला नवं काही लागत नाही. दोनच गोष्टी लागतात. बरोबर दिलेलं सामान मुलीला स्वतःला सांभाळता आलं पाहिजे आणि अडचण आली तर कुणाला सांगायचं हे तिला माहीत पाहिजे. बाकी सगळं नंतर.

शिबिरात असतं काय?

आपल्या अहिल्यानगर भागात १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं. त्यामुळे खेड्यापाड्यांत चर्च आहेत, जुन्या मिशन शाळा आणि बोर्डिंगच्या इमारती आहेत. सुट्टीत त्या रिकाम्या असतात, तिथे शिबिरं भरतात. काही चर्चची मुलं पाचगणी, महाबळेश्वरकडेही नेतात.

दिवस साधारण असा जातो: पहाटे उठणं, प्रार्थना, नाष्टा, पवित्र शास्त्राचा अभ्यास, गाणी, पाठांतराची वचनं, दुपारी विश्रांती, संध्याकाळी खेळ, रात्री नाटुकली आणि पुन्हा प्रार्थना. गावातल्या व्हीबीएसला मुलं सकाळी जाऊन दुपारी घरी येतात. इथे तसं नाही, मुक्काम असतो. फरक पडतो तो मुक्कामाचाच.

आपल्या गटांमध्ये सगळ्या समाजाच्या ताया आहेत. मैत्रीण चालली म्हणून ख्रिस्ती नसलेल्या घरातली मुलगीही हट्ट धरते. पाठवायला हरकत नाही, पण हे धार्मिक शिबिर आहे हे समजून पाठवा. "प्रार्थनेच्या वेळी आमची मुलगी नुसती बसली तर चालेल का?" असं पाळकसाहेबांना किंवा सिस्टरना आधीच मोकळेपणाने विचारा. नंतर कुरकुर करण्यापेक्षा हे बरं.

पिशवीआधी पाच प्रश्न

फॉर्मवर सही करण्याआधी ही उत्तरं घ्या. विचारण्यात संशय घेतल्यासारखं काही नाही. चांगले आयोजक ही माहिती आनंदाने देतात.

१. मुली झोपतात तिथे रात्री कोण बाई मुक्कामाला असते? तिचं नाव आणि नंबर काय?
२. संडास-बाथरूम खोलीला लागून आहे की बाहेर? रात्री तिथे दिवा असतो का?
३. जवळ नदी, विहीर, तलाव आहे का? मुलांना पाण्यात नेणार का? नेणार असतील तर कुणाच्या देखरेखीखाली? मुलीला पोहता येत नसेल तर "हिला पाण्यात उतरवू नका" असं फॉर्मवरच लिहा.
४. आजारी पडली तर कुठल्या दवाखान्यात नेणार आणि आम्हाला कधी कळवणार?
५. फीमध्ये काय काय धरलंय? जेवण, प्रवास, अंथरूण? ताट-वाटी घरून न्यायची का?

पाचव्या प्रश्नाबरोबरच सवलतीचंही विचारून घ्या. फी झेपत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. त्यात लाज कसली?

पिशवी कोण भरणार?

मुलगीच भरणार. आपण शेजारी बसायचं. आईने रात्री जागून भरलेल्या पिशवीत टॉवेल कुठे आहे हे मुलीला सापडत नाही. मग ती सगळी पिशवी उपसते आणि निम्मं सामान दुसऱ्यांच्या सामानात मिसळतं. तिने स्वतः घडी घालून ठेवलं की तिला आठवतं. सामानाची यादी तिच्याच अक्षरात लिहून पिशवीच्या आतल्या खिशात ठेवा. परत निघताना तीच यादी बघून सामान गोळा करता येतं.

पिशवी तिला एकटीला उचलून एसटीत चढवता आली पाहिजे. घरातून रस्त्यापर्यंत तिलाच उचलू द्या, म्हणजे जास्त काय झालंय ते कळेल.

कपडे आणि अंथरूण

कपड्यांचे चार जोड पुरतात. एक अंगावर, तीन पिशवीत. रोज एक धुवायचा. मे महिन्यात सुती कपडा दोन तासांत वाळतो. धुण्याची वडी, थोडी दोरी आणि चार चिमटे द्या. पैसे खर्चच करायचे असतील तर आतल्या कपड्यांवर करा. ते सहा-सात असावेत, कारण ओले कपडे घातले की जांघेत खाज सुटते आणि मुली सांगत नाहीत. रविवारच्या भक्तीसाठी एक बरा ड्रेस त्या चारांतलाच धरा.

पाचगणी, महाबळेश्वर सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे. आपल्याकडे मे महिन्यात अंगाची लाही होत असली तरी तिथे रात्री गारवा असतो. तिकडे जात असतील तर स्वेटर आणि पायमोजे द्या.

अंथरुणाला सतरंजी आणि पातळ गोधडी भरपूर झाली. गोधडी जुनी आहे म्हणून लाजू नका, फक्त धुऊन उन्हात तापवून द्या. जाण्याच्या दोन दिवस आधी केसांतल्या उवा बघा. बोटांच्या बेचक्यांत खरूज आहे का तेही बघा. असेल तर आधी उपचार करा, नाहीतर आठवड्यात सगळ्या खोलीला लागण होते.

प्रत्येक वस्तूवर नाव हवं. कपड्यांवर रंगीत दोऱ्याचा टाका घाला, ताट-पेल्यावर नाव कोरून घ्या. बायबल, वही, पेन आणि ज्यांच्याकडे गातात त्यांनी 'उपासना संगीत' ठेवावं. रेव्हरंड ना. वा. टिळकांची कितीतरी गीतं त्यात आहेत. बायबल घरात एकच असेल तर नवा करारही चालतो का ते विचारा.

छोट्या पण लागणाऱ्या वस्तू: टॉर्च, पाण्याची बाटली, टोपी किंवा ओढणी, साबण, ब्रश, कंगवा, तेलाची छोटी बाटली, पायात चप्पल आणि खेळायला बूट. जुने बूट चालतात. नवे बूट पहिल्याच दिवशी चावतात. सोन्याचे कानातले, चेन घरीच ठेवा. हातखर्चाला पैसे दहा-वीसच्या सुट्ट्या नोटांत द्या.

औषधं

गोळ्या पिशवीत सुट्या टाकू नका. दमा, फिट किंवा दुसरा काही आजार असेल तर औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी शिबिरातल्या जबाबदार बाईच्या हातात द्या. कोणत्या औषधाची किंवा खाण्याची ॲलर्जी आहे ते कागदावर लिहा. दम्याचा पंप मात्र मुलीच्या जवळच राहू द्या.

उन्हात खेळून चक्कर, उलटी, जुलाब होऊ शकतात. ओआरएसची दोन पाकिटं द्या. पाकीट नसेल तर काय करायचं हे मुलीला घरीच शिकवा: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ वाढवायचं नाही.

पाळीचं आधीच बोला

दहा-अकरा वर्षांच्या पुढच्या प्रत्येक मुलीच्या पिशवीत पॅडचं पाकीट, गडद रंगाची जास्तीची निकर आणि जुने वर्तमानपत्र ठेवा. पाळी अजून आली नसेल तरी ठेवा. पहिली पाळी शिबिरातच आली तर ती घाबरून कोपऱ्यात बसते. "आली तर अमुक ताईंना सांग, त्यात घाबरण्यासारखं काही नाही" एवढं वाक्य तिला घरून मिळालेलं असावं. घरी कापड वापरत असाल तर आठवड्यापुरते पॅड द्या, कारण चारचौघींत कापड उन्हात वाळवायला मुली लाजतात आणि ओलसरच वापरतात. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचं, संडासात नाही, हेही सांगा. कुणी रात्री अंथरूण ओलं करत असेल तर तेही खोलीतल्या बाईंना खाजगीत सांगा. जास्तीची चादर आणि प्लॅस्टिक द्या. एवढ्यासाठी मुलीला मागे ठेवू नका.

तोंड उघडायला शिकवा

शिबिर चर्चचं असो, शाळेचं असो की खेळाचं, ही गोष्ट सगळीकडे सारखीच. मुलाला आणि मुलीला, दोघांनाही सांगा: कुणीही, कितीही मोठ्या मानाचा माणूस असला तरी, अंगाला नको तिथे हात लावला किंवा "हे घरी सांगू नकोस" म्हणाला, तर लगेच सांगायचं. तिथल्या बाईंना सांगायचं, नाहीतर घरी फोन करायचा. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर चोवीस तास चालतो आणि फोन फुकट लागतो. २०१२ चा पोक्सो कायदा १८ वर्षांखालच्या सगळ्या मुला-मुलींना संरक्षण देतो. घरचे दोन नंबर आणि १०९८ तिला तोंडपाठ हवेत. मोबाईल नेऊ देत नसतील तर घरी फोन कुठून आणि कधी करता येईल हे आधी ठरवून घ्या.

सराव आणि गटाची पेटी

पहिल्यांदाच जाणाऱ्या मुलीला आधी दोन रात्री मावशीकडे किंवा आत्याकडे एकटीला पाठवा. तिथे अंथरूण घालणं-काढणं, स्वतःचे कपडे धुणं, ताट घासणं तिने स्वतः करायचं. दुसऱ्या रात्री रडू आलं तर येऊ द्या, ते शिबिरात येण्यापेक्षा तिथे आलेलं बरं. सोडायला जाताना लक्षात ठेवा, एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे.

आणि एक सूचना गटांसाठी. बॅग, टॉर्च, सतरंजी, स्वेटर या वस्तू वर्षातून एकदाच लागतात. प्रत्येक घराने कर्ज काढून घेण्यापेक्षा गटाने एक पेटी करावी. ज्यांची मुलं मोठी झाली त्यांनी वापरात नसलेलं सामान त्यात द्यावं, रजिस्टरला नोंद करावी, नेणारीने धुऊन परत करावं. शाळेची सहल असो की कबड्डीचं शिबिर, पेटी सगळ्यांच्या कामाला येईल. येत्या बैठकीत हा विषय अजेंड्यावर घ्या आणि काय ठरलं ते मला कळवा.

मुलगी परत आली की पिशवी तिच्याबरोबर बसून रिकामी करा, गोधडी उन्हात टाका. "काय हरवलंस?" हा प्रश्न नंतर. आधी विचारा, "कोण कोण भेटलं? काय आवडलं? काय नाही आवडलं?" आणि ती बोलत असेल तोवर मध्ये बोलू नका.