इस्राएलांचा निवासमंडप

इजिप्तच्या दास्यातून बाहेर पडल्यावर इस्राएल लोकांनी सिनायच्या रानात परमेश्वरासाठी जे मंदिर उभारले, ते म्हणजे एक तंबू होता, असे बायबल सांगते. ‘निर्गम’ या ग्रंथातील त्याचे वर्णन इतके तपशीलवार आहे की, एखाद्या सुताराची टिपणवहीच आपल्या हाती आली आहे असे वाटावे.

या रचनेचे सूत्र एकच होते : जे जोडायचे, ते सोडवताही आले पाहिजे. बाभळीच्या लाकडाच्या, सोन्याने मढवलेल्या ४८ फळ्या. प्रत्येकीची उंची १० हात. फळीची दोन कुसे चांदीच्या दोन उथळ्यांत बसवून कड्यांतून अडसर सरकवले की भिंत उभी राही. वर जवसाच्या तलम सुताचे दहा पडदे असत. त्यांचे पाच-पाचांचे दोन पट निळी बिरडी व सोन्याचे ५० आकडे यांनी एकत्र येत. त्यांवर बकऱ्याच्या केसांचे कापड आणि कातड्यांची आच्छादने घालीत.

मुक्काम हलताना लेवी वंशाची तीन कुळे कामाला लागत. पडदे गेर्षोनाच्या कुळाकडे, दोन गाड्यांवर. फळ्या व उथळ्या मरारीच्या कुळाकडे, चार गाड्यांवर. कहाथाच्या कुळाला मात्र गाडी नव्हती. सर्वांत पवित्र वस्तू माणसांच्या खांद्यावरूनच न्यावयाच्या होत्या.

येथे एक शंका येते. फळ्यांखालची प्रत्येक उथळी सुमारे ३४ किलोग्रॅमची धरली, तर ९६ उथळ्यांचेच वजन तीन टनांहून अधिक भरते. आठ बैलांनी ते रानातून ओढले असेल काय? वेलहाउझेन या जर्मन पंडिताने एकोणिसाव्या शतकातच असे प्रतिपादन केले होते की, हा मंडप म्हणजे यरुशलेमच्या मंदिरावरून मागाहून कल्पिलेले चित्र होय. उलटपक्षी, १९२५ मध्ये गिझा येथे सापडलेल्या राणी हेतेफेरेसच्या थडग्यात सोन्याने मढवलेल्या, सुट्या होणाऱ्या लाकडी मंडपाचा सांगाडा होता. म्हणजे मोशेच्या मानल्या जाणाऱ्या काळाच्या हजारावर वर्षे आधी ही कारागिरी इजिप्तला अवगत होती. वर्णनात अतिशयोक्ती असेल. पण असा तंबू अशक्य होता, असे म्हणता येत नाही.

पुढे शलमोनाने दगडी मंदिर बांधले. त्याची लांबी-रुंदी मंडपाच्या दुप्पट होती. कराराचा कोश तेथे कायमचा ठेवण्यात आला. त्याचे वाहून नेण्याचे दांडे कधीही काढू नयेत, अशी जुनी आज्ञा होती. ती तेथेही पाळली गेली, आणि त्या दांड्यांची टोके गाभाऱ्यासमोरून दिसत असत.