घराण्याचा पूर्वज : ऐकीव, तर्क आणि पुरावा



विहाराची किंवा मंडळाची स्मरणिका निघते तेव्हा तीत कुटुंबांच्या हकिकती हमखास असतात. कोणी लिहितो, आमचे खापरपणजोबा कोरेगावच्या लढाईत लढले. कोणी लिहितो, आमचे आजोबा चवदार तळ्यावर बाबासाहेबांच्या खांद्याला खांदा लावून होते. कोणी आपले आडनाव मोरे आहे एवढ्यावरून आपले कूळ थेट सम्राट अशोकापर्यंत नेऊन पोचवितो. या विधानांपैकी काही खरी असतील, काही अर्धी खरी असतील आणि काहींना आधार नसेल. ती कशी पारखावीत याचा विचार येथे करावयाचा आहे.

थोर पूर्वजाची ओढ आपल्यात का आहे, हे आधी समजून घेतले पाहिजे. राजेरजवाड्यांच्या वंशावळी लिहावयास भाट होते, वतनदारांच्या घरी सनदा होत्या. आपल्या वाडवडिलांच्या हाती लेखणीच येऊ दिली नाही. सरकारी दप्तरात त्यांची नावे आली ती बहुधा चाकरीच्या निमित्ताने, आणि अनेकदा एकेरी. अशा समाजाला आपलाही कोणी पराक्रमी पूर्वज असावा असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. परंतु भूक खरी असली म्हणून समोर आलेले प्रत्येक अन्न खरे ठरत नाही.

दावा कसा वाढत जातो

खोटे बोलण्याच्या हेतूने असे दावे फार थोडे लोक करतात. ते पिढ्यांमधून आपोआप वाढतात. आजोबा सांगतात, “मी सभेला गेलो होतो.” मुलगा सांगतो, “वडील सभेच्या कामात होते.” नातू सांगतो, “आजोबा बाबासाहेबांचे सहकारी होते.” प्रत्येकाने फक्त एक पायरी चढविली. दुसरा प्रकार गावाचा. एखादा नामवंत माणूस आपल्या गावचा आणि आपल्याच भावकीच्या आडनावाचा असला, की तो हळूहळू आपला चुलत आजोबा होतो. तिसरा प्रकार छापील मजकुराचा. एखाद्या पुस्तिकेत वाचलेली गोष्ट घरात सांगितली जाते, वीस वर्षांनी तीच गोष्ट “आमच्या घरात पूर्वापार सांगतात” म्हणून दुसऱ्या पुस्तिकेत छापली जाते. मग दोन पुस्तकांत आहे म्हणून ती खरी मानली जाते. प्रत्यक्षात मूळ एकच असते.

कोरेगावचा हिशेब

भीमा कोरेगावची लढाई १ जानेवारी १८१८ रोजी झाली. कॅप्टन स्टॉन्टन याच्या हाताखाली मुंबई पायदळाचे सुमारे ५०० शिपाई होते, शिवाय काही घोडदळ आणि मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा. त्या पायदळात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. १८२१ मध्ये पायाभरणी झालेल्या विजयस्तंभावर कामी आलेल्यांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांतील २२ नावे ‘नाक’ या प्रत्ययाने संपतात. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी या स्तंभाला भेट दिली. एवढा भाग इतिहासाचा आहे.

आता घराण्याच्या दाव्याकडे वळू. १९५० साली जन्मलेला माणूस घ्या. एका पिढीला साधारण २७ वर्षे धरली तर त्याचे वडील १९२३ च्या सुमारास, आजोबा १८९६ च्या, पणजोबा १८६९ च्या आणि खापरपणजोबा १८४२ च्या सुमारास जन्मले असावेत. म्हणजे खापरपणजोबांचा जन्मही लढाईनंतरचा. १८१८ मध्ये पंचविशीत असलेला शिपाई त्यांच्याही वर दोन पिढ्या असणार. “पणजोबा कोरेगावला लढले” हे वाक्य या साध्या हिशेबातच अडते.

दुसरी अडचण नावांची. स्तंभावर शिपायाचे नाव आणि त्याच्या बापाचे नाव, अशी रीत दिसते. कांबळे, गायकवाड, साळवे अशी आजची आडनावे त्यावर शोधून उपयोग नाही. तेव्हा आडनाव जुळते म्हणून तो आमचा, असे त्या नावांवरून सिद्ध होत नाही. उलट स्तंभावर नाव नाही म्हणून पूर्वज लढाईत नव्हता, असेही म्हणता येत नाही, कारण लढून जिवंत राहिलेल्यांची संख्या कितीतरी अधिक होती. तिसरी गोष्ट, सिदनाकाची कथा कोरेगावला जोडण्याची चूक अनेकजण करतात. ती कथा १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईसंबंधी सांगितली जाते.

मग पुरावा कशाला म्हणावे? शिपायाचे कागद किंवा पदक घरात असेल तर ते नीट पाहावे. हिंदुस्थानातील जुन्या लढायांसाठी इंग्रज सरकारने १८५१ मध्ये एक पदक मंजूर केले. त्यावर कोरेगावची पट्टी होती, पण ते तेव्हा हयात असलेल्यांनाच मिळावयाचे होते. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. एकशे अकरावी महार पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. महार रेजिमेंट १९४१ मध्ये उभी राहिली. घरात “आजोबा पलटणीत होते” अशी आठवण असेल तर ती कोणत्या काळाची, हे या सालांवरून ताडता येते. पुष्कळदा कोरेगावचा म्हणून सांगितलेला शिपाई या दोन पलटणींपैकी एखाद्या पलटणीतला निघेल. त्याने त्याचा मान कमी होत नाही.

महाड, नाशिक, नागपूर

महाडची पहिली परिषद १९ व २० मार्च १९२७ रोजी भरली आणि २० तारखेला चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले. दुसरी परिषद त्याच वर्षी डिसेंबरात झाली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि पुढे काही वर्षे चालला. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. आजोबांची आठवण लिहिताना यांपैकी कोणता प्रसंग, हे प्रथम ठरवावे. “महाडला होते” असे लिहिले तर मार्चात की डिसेंबरात, हा प्रश्न उरतोच.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या लढ्यांत हजारो माणसे होती आणि नागपूरला तर लाखो. त्या हजारांत, लाखांत आपले आजोबा होते हा दावा सहज पटण्याजोगा आहे. ते व्यासपीठावर होते, हा दावा मात्र पुरावा मागतो. परंतु आपण लिहिताना पहिल्याला किंमत देत नाही आणि दुसऱ्याच्या मागे धावतो. पदरची भाकरी बांधून निघालेला, गावाचा बहिष्कार अंगावर घेणारा साधा माणूस नसता तर व्यासपीठासमोर कोण बसले असते?

परिषदांचे वृत्तान्त ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘जनता’ या पत्रांतून छापून येत. ‘मूकनायक’ व ‘बहिष्कृत भारत’ यांचे अंक ग्रंथरूपाने पुन्हा छापलेले आहेत. मोठ्या ग्रंथालयात बसून ते चाळावेत. गावाचे नाव सापडले तरी पुष्कळ सापडले.

आडनाव आणि दंतकथा

मोरे म्हणजे मौर्य, या कल्पनेला एक धागा आहे. ६३४ सालच्या ऐहोळे शिलालेखात कोकणातील मौर्यांचा उल्लेख आहे. परंतु ते मौर्य अशोकाचे वंशज होते का, आणि आजचे एखादे मोरे घराणे त्या मौर्यांचे का, हे दोन्ही दुवे जोडणारा कागद नाही. अशोकापासून आजपर्यंत सुमारे ऐंशी पिढ्या होतात. शिवाय आडनावे बदलतात. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांच्या मुलाचे नाव साताऱ्याच्या शाळेच्या दप्तरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे लागले. एका घरात एकाच पिढीत आडनाव बदलले, तर दोन हजार वर्षांचा भार त्या आडनावावर कसा टाकावा?

अमृतनाकाने बेदरच्या बादशहाकडून बावन्न हक्क मिळविले, ही कथाही आपल्याकडे घरोघर आहे. ती समाजाची ठेव म्हणून जपावी. मात्र “आम्ही अमृतनाकाचे वंशज” असे एखाद्या कुटुंबाने लिहिणे ही निराळी गोष्ट आहे. नागवंशाचेही तसेच. नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी नाग लोकांनी धम्माचा प्रसार केल्याचे सांगितले, अस्पृश्यतेच्या उगमाविषयी १९४८ च्या ग्रंथात सिद्धान्त मांडला. ते विवेचन समाजाच्या इतिहासाचे होते. त्यातून कोणत्याही एका घराची वंशावळ निघत नाही.

पुरावा घराजवळच आहे

जातपडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे कागद आपण धावाधाव करून मिळवितो. शाळेच्या रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद, सातबारा, फेरफार, महार वतनाचे कागद. काम झाले की ते ट्रंकेत जातात. वास्तविक तोच आपल्या घराण्याचा खरा इतिहास आहे. गिरणी, रेल्वे, गोदी येथील नोकरीचे कागद त्यांच्याबरोबर ठेवावेत. वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली, पण त्यांच्या नोंदींत कोणाचा मुलगा कोण, हे स्पष्ट मिळते.

एक वही करावी. पानाचे तीन भाग पाडावेत : कागदावरून, ऐकीव, तर्क. ऐकीव भागात कोणी, कोणाकडून आणि केव्हा ऐकले तेही लिहावे. सुरुवात स्वतःपासून करून एकेक पिढी मागे जावे. वरून, म्हणजे थोर पुरुषापासून खाली येऊ नये. तसे केले की मधल्या पिढ्या कल्पनेने भराव्या लागतात.

या वहीत आईची, आजीची, पणजीची नावे आणि माहेरची गावे अवश्य लिहावीत. सहा पिढ्या मागे प्रत्येकाचे ६४ पूर्वज असतात, त्यांत ३२ स्त्रिया. आडनावाची वाट त्या ६४ पैकी एकाकडेच जाते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना उद्देशून वेगळे भाषण केले होते. ते ऐकणाऱ्या किती आज्यांची नावे आपल्या घरी लिहिलेली आहेत? ज्या घरी म्हातारी माणसे आहेत त्यांनी हे काम या वर्षावासातच सुरू करावे. शाळेचा दाखला दहा वर्षांनीही मिळेल, आजीची आठवण मिळणार नाही.

धम्माची कसोटी

भगवान बुद्धांनी केसमुत्त गावी कालामांना सांगितले, की केवळ ऐकले म्हणून, परंपरेने आले म्हणून काही मानू नका, स्वतः तपासा. हा उपदेश घरच्या गोष्टींनाही लागू आहे. शाक्य राजकुमार प्रव्रज्या घ्यावयास आले तेव्हा त्यांनी आपला न्हावी उपाली याला आधी दीक्षा द्यावी अशी विनंती केली. ज्येष्ठ भिक्खू म्हणून आपण त्याला वंदन करू आणि आपला कुळाचा गर्व जाईल, हा त्यामागचा हेतू होता. ज्या संघात राजपुत्रांनी कूळ खाली ठेवले, त्या संघाला शरण जाणाऱ्यांनी नवे उच्च कूळ शोधत बसावे हे विसंगत आहे.

आणखी एक धोका आहे. एक खोटा दावा उघडा पडला की विरोधक शेजारची दहा खरी विधानेही खोटी ठरवितात. कोरेगावचा स्तंभ, महाडचे तळे ही आपली खरी संपत्ती आहे. तिच्यात खोटे नाणे मिसळू देऊ नये.

तेव्हा पुढील स्मरणिकेसाठी लिहिताना आजोबांचे नाव, गाव, जन्मसालाचा अंदाज, कोठे राबले, कोणते कष्ट काढून मुलाला शाळेत घातले, एवढे नेमके लिहावे. “आमचे आजोबा गोदीत हमाल होते आणि सही करावयास रात्रशाळेत शिकले” असे एक खरे वाक्य नातवंडांच्या कामी येईल. ते वाचून त्यांना आपण कोठून निघालो आणि किती वाट चाललो, हे कळेल.

जयभीम! नमो बुद्धाय!