अप्पर डेपो ते गुडलक : एक शनिवार पुण्यातच!

शनिवार उजाडला की ग्रुपवर तेच सुरू : ‘आज काय?’ सिंहगड झाला, मॉल झाला, कट्टा तर रोजचाच. बिबवेवाडीत राहत असाल किंवा व्हीआयटीत शिकत असाल, तर एक दिवस गाडी घरीच ठेवा. पीएमपीचा दिवसाचा पास काढा आणि निघा.

सकाळ : क्रिकेटवेड्यांचं देऊळ
सुरुवात शेजारच्या सहकारनगरपासून करा. इथल्या ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ संग्रहालयात खेळाडूंच्या सह्यांच्या बॅट, जर्सी, ग्लोव्हज् मांडलेत. काचेपलीकडची ती बॅट टीव्हीवर चालताना आपण पाहिलेली असते. त्यामुळे आपल्यातला सगळ्यात कंटाळलेला मित्रही इथे गप्प उभा राहतो.

दुपार : वीस हजार वस्तू आणि एक मुलगा
स्वारगेटहून मेट्रोनं पुढचंच स्टेशन मंडई. वर आलात की १८८६ ची दगडी इमारत दिसेल. गंमत बघा, या बाजारावर पैसे घालण्यापेक्षा शिक्षणावर घाला, असं जोतीराव फुले नगरपालिकेत ठणकावून सांगत होते. आज त्याच इमारतीला त्यांचं नाव आहे!

तिथून चालत राजा दिनकर केळकर संग्रहालय. हा ‘राजा’ कुठल्या गादीवरचा नाही बरं का. दिनकर केळकरांचा हा मुलगा लहानपणीच गेला आणि त्याच्या आठवणीत बापानं हे सगळं उभं केलं. दिनकरराव ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता करायचे. १९२० च्या सुमारास त्यांनी जमवायला सुरुवात केली. पत्नी कमलाबाईंची साथ होती. संग्रह वीस हजारांच्या वर गेला. त्यात तलवारी आहेतच, पण थांबा ते अडकित्ते, वज्र्या, फण्या, दिवे यांच्यापाशी. पाय घासायची साधी वज्री, तिच्यावरही कुणीतरी मोर घडवायचा! कोथरूडहून आणून इथे पुन्हा उभारलेला मस्तानी महालही चुकवू नका.

संध्याकाळ : तिकीट नसलेली कला
आता कसबा पेठ. २०१२ मध्ये चित्रकार हर्षवर्धन कदम यांच्या पुढाकारानं इथल्या जुन्या भिंती रंगल्या होत्या. ऊन-पावसात रंग विटतात, वाडे पडतात, त्यामुळे जे उरलंय ते आत्ताच शोधा. जवळच तांबट आळी. तांब्याच्या भांड्यावर पडणारे हातोडीचे ठोके ऐका, पण फोटो काढण्याआधी कारागिराला विचारा.

पुढे शिवाजीनगरच्या शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलजवळ जा. तिथला महाराजांचा अश्वारूढ पुतळा नानासाहेब करमरकरांनी घडवला आणि १९२८ मध्ये त्याचं अनावरण झालं. एवढा मोठा पुतळा एकसंध ओतलाय, माझगावच्या गोदीत. रोज शेजारून जातो आपण, मान वर करून किती जणांनी पाहिलाय?

रात्र : पबचं काय?
हा प्रश्न येणारच. पुण्यात पब संस्कृती जुनी आहे. ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी इथे २००९ मध्ये सुरू झाली. पण कायदा स्पष्ट आहे : महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वय २१, कडक दारूसाठी २५. ‘ओळखीचा आहे, सोडेल’ हे चालत नाही, चालू नये. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला पबमधून निघालेल्या अल्पवयीन मुलाच्या गाडीनं दोन तरुण इंजिनीअरना उडवलं. ते दोघंही तुमच्याहून फार मोठे नव्हते. रात्रीचा प्लॅन आखताना हे आठवा.

वय बसत असेल आणि जाणारच असाल, तर परतायची सोय आधी ठरवा. प्यायलेल्यानं किल्ली हातात घ्यायची नाही, आणि त्याच्या मागे कुणी बसायचंही नाही. मित्राला हे सांगताना ‘भाव खातोस’ म्हणतील, म्हणू देत.

बाकीच्यांसाठी डेक्कनचं गुडलक आहेच. १९३५ पासून सुरू असलेलं हे इराणी हॉटेल. बनमस्का, चहा आणि दिवसभराचे फोटो बघत भांडण : अडकित्ता भारी की बॅट?

निघण्याआधी
- संग्रहालयाच्या वेळा, सुट्टीचा वार आधी बघा.
- कॉलेजचं ओळखपत्र जवळ ठेवा, सवलत आहे का विचारा.
- पाण्याची बाटली आणि चालायचे बूट मस्ट.
- अप्परची शेवटची बस कधी, हे सकाळीच विचारून घ्या!