लेन्स नवी की 'नव्यासारखी'?

पगार जमा झाल्याचा एसएमएस येतो, क्रेडिट कार्डाचं बिल भरून होतं, घरी द्यायचे ते दिले जातात आणि तरीही चार पैसे उरतात. बस्स, तेवढ्यावर फोटोग्राफीचा किडा वळवळायला लागतो! कॅमेरा तर कधीच घेऊन झालेला असतो. त्याच्यासोबत आलेल्या १८-५५च्या किट लेन्सचा आता कंटाळा आलेला असतो. गड्ड्याला रात्री काढलेले फोटो हललेले, नान्नजला टिपलेलं काळवीट ठिपक्याएवढं. मग लंच टाइममध्ये डबा खाता खाता लेन्सच्या किमती बघणं सुरू होतं आणि पहिलाच आकडा बघून हातातला घास हातातच राहतो.

तेवढ्यात खाली दुसरा आकडा दिसतो. तीच लेन्स, पण बरीच स्वस्त. शेजारी लिहिलेलं असतं 'रिफर्बिश्ड'. किंवा 'लाइक न्यू'. किंवा नुसतंच 'अर्जंट सेल'. आता काय करायचं? मोह आवरायचा की संधी साधायची?

फ्रीलान्सिंग करणाऱ्या माझ्यासारखीला दर महिन्याला किती पैसे येतील याचा भरवसा नसतो. त्यामुळे हा प्रश्न मला चांगलाच ओळखीचा आहे. त्याचं उत्तर एका वाक्यात नाही, पण फार अवघडही नाही.

शब्दांचा घोळ

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करूया. सेकंड हँड आणि रिफर्बिश्ड म्हणजे एकच नव्हे. सेकंड हँड म्हणजे कुणीतरी वापरलेली, आहे त्या अवस्थेत विकलेली. रिफर्बिश्ड म्हणजे परत आलेली किंवा डेमोला ठेवलेली लेन्स कंपनीनं वा तिच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरनं तपासली, गरज असेल तिथे भाग बदलले, साफ केली आणि ठरावीक मुदतीच्या वॉरंटीसह पुन्हा विकायला काढली. अमेरिकेत कॅनन आणि निकॉन या कंपन्या स्वतःच अशा लेन्सेस विकतात.

आपल्याकडे मात्र हा शब्द फार सैल वापरला जातो. कापडानं पुसली, डब्यात घातली, झाली रिफर्बिश्ड! म्हणून विक्रेत्याला चार प्रश्न विचाराच. दुरुस्ती कुणी केली? नेमकं काय बदललं? वॉरंटी कुणाची? आणि किती दिवसांची? उत्तर देताना समोरचा 'अहो ताई, काही टेन्शन घेऊ नका' एवढंच म्हणत असेल, तर टेन्शन घ्यायची वेळ झाली असं समजा.

यात तिसरा प्रकार आहे 'ग्रे' मालाचा. लेन्स कोरी करकरीत असते, पण परदेशातून अधिकृत वितरकाला वगळून आलेली असते. म्हणून ती स्वस्त. कंपनीची भारतातली वॉरंटी तिला मिळेलच असं नाही. त्यामुळे नवी लेन्स घेतानाही पक्कं बिल आणि भारतातलं वॉरंटी कार्ड मागायला लाजू नका.

काच म्हातारी होत नाही

मोबाइल जुना घ्यायला आपण कचरतो, ते बरोबरच आहे. बॅटरी दमलेली असते, सॉफ्टवेअर मागे पडलेलं असतं. लेन्सचं तसं नाही. नीट वापरलेली काच वीस वर्षांनीही तितकीच स्वच्छ फोटो देते. कॅननचा ईएफ माउंट १९८७ सालचा, निकॉनचा एफ माउंट तर १९५९ सालचा. कॅमेऱ्याच्या बॉडी बदलत गेल्या, लेन्सेस मात्र हातोहात फिरत राहिल्या. म्हणूनच अनुभवी फोटोग्राफर सांगतात, पैसे बॉडीत कमी आणि लेन्समध्ये जास्त घाला.

थकतं ते काचेच्या आजूबाजूचं सगळं. फोकसची मोटर, हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी स्टॅबिलायझरची यंत्रणा, आतल्या पातळ रिबन केबल्स, अ‍ॅपर्चरची पाती. जितकी यंत्रणा जास्त, तितकी बिघडायला जागा जास्त. साधी ५० एमएम लेन्स जुनी घेणं आणि स्टॅबिलायझर असलेली मोठी झूम जुनी घेणं यात म्हणूनच फरक आहे.

मुंबईची हवा, सोलापूरची धूळ

जुन्या लेन्सचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे बुरशी. दमट हवेत, अंधाऱ्या कपाटात, कातडी पिशवीत लेन्स महिनोन्‌महिने पडून राहिली, की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे पसरतात. लवकर लक्षात आलं तर साफ होतात. उशीर झाला तर बुरशी काचेवरचं कोटिंगच खाते आणि मग कितीही पुसा, डाग जात नाही.

इथे सोलापूरकरांची बाजू वरचढ आहे! आपली हवा वर्षातले बरेच महिने कोरडी. त्यामुळे इथेच वापरलेल्या लेन्सला बुरशीचा धोका मुंबई-कोकणातल्या लेन्सपेक्षा कमी. पण म्हणून निर्धास्त राहू नका. आपल्याकडे धूळ आहे, यंत्रमागांच्या भागात कापसाचं तूस आहे आणि एप्रिल-मेचं ऊन आहे. उन्हात बंद गाडीच्या काचेमागे लेन्स ठेवली, की आतलं वंगण पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर उतरू शकतं. मग पाती चिकटतात आणि फोटो कधी उजळ, कधी काळा येतो.

थोडक्यात, लेन्स कुठल्या गावची आहे ते विचारा. मुंबईची असेल तर बुरशी शोधा, सोलापूरची असेल तर धूळ आणि तेल.

एवढी स्वस्त का?

स्वस्त मिळण्यामागे एक सरळ कारण आहे. २०१८ मध्ये कॅनननं आरएफ आणि निकॉननं झेड हे मिररलेस कॅमेऱ्यांचे नवे माउंट आणले. तेव्हापासून लग्नाचे फोटोग्राफर एकेक करून तिकडे वळले आणि त्यांच्या डीएसएलआरच्या लेन्सेस बाजारात आल्या. लेन्स वाईट म्हणून नव्हे, तर मालकाची बॉडी बदलली म्हणून विकली जातेय. तुमच्याकडे अजून डीएसएलआर असेल तर ही तुमची दिवाळी!

पण इथेच दोन खड्डेही आहेत. पहिला निकॉनवाल्यांसाठी. जुन्या एएफ-डी प्रकारच्या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती बॉडीत लागते. डी ३००० किंवा डी ५००० मालिकेतल्या बॉडीत ती मोटर नाही. म्हणजे स्वस्तातली ५० एमएम एफ १.८ डी घेतलीत, तर फोकस हातानं फिरवत बसावं लागेल. मोटर हवी असेल तर २०११ मध्ये आलेली 'जी' आवृत्ती बघा. कॅननच्या ५० एमएम एफ १.८ मध्येही १९९०चं मॉडेल आणि २०१५चं एसटीएम मॉडेल असे दोन प्रकार सापडतात. जुन्याचा माउंट प्लॅस्टिकचा, नव्याचा धातूचा. किमतीत थोडाच फरक असेल तर एसटीएमच घ्या.

दुसरा खड्डा पुढच्या काळातला. डीएसएलआरची लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून त्याच कंपनीच्या मिररलेसवर चालते, मिररलेसची लेन्स मात्र डीएसएलआरवर चालत नाही. आणि बंद झालेल्या मॉडेलचे सुटे भाग कंपन्या कायम ठेवत नाहीत. त्यामुळे फार जुनी, फार महाग लेन्स घेण्याआधी सर्व्हिस सेंटरला एक फोन करा.

दहा मिनिटांची परीक्षा

लेन्स हातात घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हा पहिला नियम. 'अ‍ॅडव्हान्स टाका, कुरिअर करतो' म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार. फार मोठी खरेदी असेल तर रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडा, सकाळी मुंबईत उतरा. सीएसएमटीसमोरच्या बोरा बझारात कॅमेऱ्याच्या दुकानांची रांग आहे. स्वतःची बॉडी सोबत न्या आणि हे तपासा:

१. मोबाइलचा टॉर्च एका बाजूनं लावून दुसऱ्या बाजूनं तिरकं बघा. धुळीचे चार कण चालतील. धागे किंवा धुकट थर दिसला तर नको.

२. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा फोटोत सहसा दिसत नाही. मागच्या काचेवरचा दिसू शकतो.

३. अ‍ॅपर्चर एफ ११ वर ठेवून दहा-बारा फोटो काढा. सगळे सारखेच उजळ यायला हवेत.

४. फोकस आणि झूमची रिंग फिरवा. खरखर, अडकणं, सैलपणा जाणवतो का? कानही लावा.

५. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून समोरून सरळ फोटो काढा. चारही कोपरे जवळपास सारखे दिसायला हवेत. एकच कोपरा पुसट असेल, तर लेन्स कधीतरी पडलेली असण्याची शक्यता आहे.

६. स्क्रूंच्या खाचा खरवडलेल्या असतील तर लेन्स उघडली गेलीय. कुणी उघडली, ते विचारा.

७. डब्यावरचा, बिलावरचा आणि लेन्सवरचा सीरियल नंबर जुळवा. चोरीचा माल गळ्यात पडायला नको.

कुठली नवी, कुठली जुनी?

माझा एक मित्र होटगी रोडवरच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघतो. शनिवार-रविवारी बारशी, साखरपुडे शूट करतो. ते पैसे बहिणीच्या कॉलेजच्या फीला जातात. त्याला दोन लेन्सेस हव्या होत्या आणि बजेट सव्वा लेन्सचं होतं! त्यानं ५० एमएम नवी घेतली, बिल आणि वॉरंटीसह. पक्ष्यांसाठीची टेलिझूम मात्र एका फोटोग्राफरकडून जुनी घेतली. मी विचारलं, महागडी जुनी आणि स्वस्तातली नवी, असं उलटं का? तो म्हणाला, "पक्ष्याचा फोटो हुकला तर पुढच्या रविवारी परत जाईन. बाळाचं नाव ठेवतानाचा फोटो हुकला तर त्या आईला काय सांगू?"

मला वाटतं, सगळं गणित यात आलं. ज्या लेन्सवर दुसऱ्याचा क्षण अवलंबून आहे ती नवी, किंवा निदान खऱ्याखुऱ्या वॉरंटीची. ज्या लेन्सवर फक्त तुमची हौस अवलंबून आहे ती बिनधास्त जुनी.

पैशांचा हिशेबही करून बघा. समजा, नवी लेन्स १०,००० रुपयांची आहे आणि जुनी ६,५००ला मिळतेय. दोन वर्षांनी जुनी ५,०००ला विकलीत, तर वापराचा खर्च फक्त १,५००. नवी त्याच वेळी साधारण ६,०००ला गेली, तर खर्च ४,०००. पण फरक अगदीच हजार-पाचशेचा असेल तर नवीच घ्या. तेवढ्या पैशांत वॉरंटी आणि शांत झोप स्वस्तच पडते.

आणि तिसरा मार्ग विसरू नका, भाड्याचा! उजनीवर रोहित बघायला वर्षातून एकदाच जाणार असाल, तर १५०-६०० एमएमची लेन्स विकत घेऊन कपाटात कशाला ठेवायची? दोन दिवस भाड्यानं आणा.

गड्ड्याचं मात्र वेगळं. होम मैदानावरची रात्र टिपायची, तर उघडं अ‍ॅपर्चरच हवं. एफ १.८ वर किट लेन्सच्या एफ ५.६ पेक्षा साडेनऊ पटींहून जास्त प्रकाश आत येतो. संक्रांतीला सात नंदीध्वजांची मिरवणूक निघण्याआधी एक ५० एमएम बॅगेत असू द्या. नवी असो वा जुनी, तपासून घेतलेली असली म्हणजे झालं!