मराठी वाक्यावरून इंग्रजी, स्पॅनिश, लॅटिन

मराठीत क्रियापद सहसा शेवटी येते: ‘सीता खालापूरहून कर्जतला जाते.’ इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग येते आणि ‘हून’, ‘ला’ यांचे काम नामाआधीचे ‘फ्रॉम’, ‘टू’ करतात. मराठी माध्यमातल्या मुलांची खरी अडचण इथेच असते. स्पॅनिशची क्रमरचना इंग्रजीसारखी. पण ‘आब्लो’ एवढ्यानेच ‘मी बोलतो’ कळते, जसे मराठीत नुसत्या ‘जातोस’मधून ‘तू’ कळतो. लॅटिन मात्र मराठी मुलाला आश्चर्यकारकरीत्या ओळखीची वाटावी. ‘पुएला आक्वाम पोर्तात’ म्हणजे मुलगी पाणी वाहून नेते: क्रम तोच. ‘आक्वाम’च्या शेवटचा ‘म’ कर्म दाखवतो, त्यामुळे शब्द मागेपुढे केले तरी अर्थ बिघडत नाही. इंग्रजीशी असलेला हा फरक मराठीच्या व्याकरणलेखनातही दिसतो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर मांडले. विभक्तींसाठी, म्हणजे ‘हून’, ‘ला’ यांसारख्या प्रत्ययांसाठी, मात्र त्यांना संस्कृत परंपराच उपयोगी पडली.